बापूजी विश्रांती घेत आहेत

अमरनं आईला पाठवलेल्या ई-रीडरवर मराठी पुस्तकं उघडत, पण जोडाक्षरांची हाडं मोडलेली असत. विजयमालाबाईंनी महिनाभर अंदाजानंच वाचलं. मग दिवाळीला राळेगावला आलेल्या पुतणीनं, समीक्षानं, त्यात वाचायचं दुसरंच सॉफ्टवेअर टाकून दिलं. अक्षरं जुळली आणि बाईंच्या अंगात सेटिंग संचारली.

अक्षर मोठं केलं, मग जाड केलं. समास घटवला, पुन्हा वाढवला. आठवडाभरात वाचून झाली तीन पानं. शेवटी राहिला झोपेचा पडदा. यंत्र मिटलं की त्यावर आपल्याला हवं ते चित्र दिसे, खाली हवी ती ओळ. बाईंनी नवऱ्याचा, बापूजींचा, फेट्यातला फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'शांतपणे विश्रांती घेत आहेत.'

मग कुठे कादंबरी हाती घेतली. मंगळवारी दुपारी ती संपली आणि शेवटच्या पानावर नायक मेला. बाईंनी यंत्र मिटून भिंतीतल्या देवळीत शेवंतीच्या फुलांशेजारी टेकवलं आणि पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात शेजारची मानीबाई विरजण मागायला आली.

"काहून रडून राह्यली व?"

"गेला ना व माय!" बाईंनी देवळीकडे बोट केलं. "इतका चांगला मानूस!"

मानीबाईनं काळापांढरा फोटो पाहिला, फुलं पाहिली, खालची ओळ वाचली. "कधी?"

"आत्ताच. मी त चहाबी घेतला नाही."

वाटी तिथंच टाकून मानीबाई पळाली. अर्ध्या तासात अंगणात पंचवीस माणसं जमली. बायका गळ्यात पडून रडू लागल्या, तशी बाईंना वाटलं, सगळ्या गल्लीनं हीच कादंबरी वाचली की काय!

बापूजी वावरातून आले. गर्दी पाहून टोपी काढली, मागं उभे राहिले आणि पुढच्याला हळूच विचारलं, "कोन गेलं?"

"बापूजी," तो वळून न बघताच म्हणाला.

"अरेरे. कोनते?"

तेवढ्यात मानीबाई किंचाळली.

उलगडा झाल्यावर पंचवीस जणांचा चहा चढला. बापूजी मात्र मानीबाईजवळ सरकून बसले.

"मी गेलो म्हनून लोक काय म्हनत होते?"

"मानूस सोन्यावानी होता म्हने," मानीबाई जराशी थांबली, "पन कोनाचा फवारनीचा पंप नेला त वापस देत नव्हता."

चहा गाळून बाई बाहेर आल्या तेव्हा बापूजी पंप पाठीवर घेऊन फाटकाबाहेर पडले होते.