एकाच बाजूला दोन डोळे

“या घरात खोटं काय काय आहे?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि त्या जुन्या घराच्या दिवाणखान्यात अशी शांतता पसरली, की कोपऱ्यातल्या उंच घड्याळानेसुद्धा टिकटिक आवरती घेतल्यासारखं वाटलं. माहिती सांगणाऱ्या ताई झुंबराबद्दल घडाघडा बोलून श्वास घ्यायला थांबल्या होत्या. त्या तशाच राहिल्या, एक हात झुंबराकडे आणि तोंड अर्धवट उघडं.

पैज मैत्रिणींची होती. शाळेने प्रकल्प दिला होता, ‘एखादं जुनं घर पाहा आणि त्याबद्दल लिहा.’ म्हणून तिघी आल्या होत्या. येताना बसमध्ये चष्मिष म्हणाली होती, “विचारशील का असं? सगळ्यांसमोर?” आणि लंबूने वरून तेल ओतलं होतं, “जाऊ दे गं, हिची काय टाप.”

झालं. तोफेला ‘टाप आहे का’ विचारायचं म्हणजे काडेपेटीला पेटशील का विचारण्यासारखंच.

‘तोफ’ हे नाव तिला याच वर्षी चिकटलं होतं. मागच्या वर्षीपर्यंत ती हजेरीलासुद्धा इतकं हळू ‘हजर’ म्हणायची, की बाई तिला गैरहजर मांडायच्या. मग वादविवाद स्पर्धेच्या ऐन दिवशी एका मुलीला ताप आला, हिला ढकलून स्टेजवर उभं केलं, आणि तेव्हा जे तोंड उघडलं ते अजून मिटलेलं नव्हतं.

“खोटं?” ताई अखेर म्हणाल्या. “इथली एकही वस्तू खोटी नाही हं. सगळं अस्सल. चला, तुम्हाला या घरातली सगळ्यात अस्सल गोष्ट दाखवते.”

मागे लंबू फिसकन हसली. तोफेने मान ताठ केली आणि सगळ्यात पुढे झाली.

ताईंनी त्यांना वरच्या मजल्यावर, झोपायच्या खोलीत नेलं. जाडजूड लाकडी पलंग, त्याभोवती जांभळा दोर. खिडकीपाशी माणसाएवढा उंच आरसा, वर कोरीव वेलबुट्टी. तो तोफेच्या ओळखीचा होता. बाबांच्या आत्याचा आरसा. लहान घरात राहायला जाताना तो नव्या दारातून आतच येईना, तेव्हा बाबांनी तो या संग्रहालयाला देऊन टाकला होता. “तो आमचा!” असं ती ओरडणार, तेवढ्यात ताईंनी पलंगाकडे हात केला.

“हे पांघरूण पाहा. दीडशे वर्षांपूर्वी या घरच्या थोरल्या बाईंनी आपल्या पहिल्या बाळासाठी स्वतःच्या हातांनी शिवलं. आणि या कोपऱ्यातला मासा बघा. माशाचं तोंड एका बाजूला वळलेलं आहे, पण डोळे मात्र दोन्ही दिसतात. अभ्यासक म्हणतात, आईची दुहेरी नजर बाळावर राहावी म्हणून तसं मुद्दाम काढलंय.”

तोफेने माशाकडे पाहिलं. माशाने दोन्ही डोळ्यांनी तोफेकडे पाहिलं.

ती दोरापर्यंत पुढे सरकली. नारिंगी कापडाचा मासा. एक डोळा काळा, एक हिरवा, कारण काळा दोरा मध्येच संपला होता. शेपटीजवळ टाके एवढाले मोठे, जणू पायऱ्याच. ती बालवाडीत होती तेव्हाची गोष्ट. आईच्या मांडीत बसून, ओठांत जीभ धरून तिने तो मासा शिवला होता. आई म्हणाली होती, “अगं राणी, माशाचा एका बाजूने एकच डोळा दिसतो.” आणि ती भोकाड पसरून म्हणाली होती, “मग त्याला दुसऱ्या डोळ्याने मी कशी दिसणार?”

“हा मी शिवलाय,” तोफ म्हणाली.

इतक्या हळू, की मागच्या वर्षीची मुलगीच बोलली जणू.

“काय?” चष्मिष म्हणाली.

“हा मासा मी शिवलाय! ही आमची गोधडी आहे! घर बदलताना हरवलेली!”

आता मात्र तोफ धडाडली. शेजारच्या खोलीतले पाहुणे दारात येऊन उभे राहिले. ताईंचा चेहरा आधी गोरामोरा झाला, मग लालबुंद. “बाळा, असं कसं बोलतेस? अभ्यासकांनी...”

“अभ्यासकांना कुठे माहीत काळा दोरा संपला होता ते!”

गलका ऐकून संग्रहालयाचे व्यवस्थापक धापा टाकत वर आले. बुटके, गोल, कोटाच्या खिशात पांढरे हातमोजे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लहान मुलाला समजावतात तशा आवाजात म्हणाले, “मुली, काहीतरी साम्य असेल. जुन्या नक्ष्या सगळीकडे सारख्याच असतात.”

“मग उलटून बघा,” तोफ म्हणाली. “मागे निळ्या पट्ट्यांचा कपडा आहे. बाबांचा पायजमा. त्याला खिसा तसाच आहे. खिशाचं तोंड शिवलंय आणि आत माझी फुलपाखराची क्लिप आहे. प्लास्टिकची. मी लपवली होती, आईला कळलंच नाही आणि तिने वरून शिवून टाकलं. मी दोन दिवस जेवले नव्हते.”

“खोटं,” लंबू कुजबुजली. “तू? आणि दोन दिवस?”

“बरं, एक वेळचं.”

व्यवस्थापकांनी हातमोजे चढवले. दोर ओलांडला. पाहुणे माना उंचावून बघायला लागले. त्यांनी गोधडीचा कोपरा दोन बोटांत धरला, अलगद उलटा केला, आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकदमच श्वास रोखला.

निळे पट्टे होते आणि त्यावर खिसा होता, नाडीच्या जागेपासून वीतभर खाली, बाबांच्या सगळ्या पायजम्यांना असतो अगदी तिथेच. व्यवस्थापकांनी खिशावरून बोट फिरवलं. बोट अडखळलं. त्यांनी परत फिरवलं, एक पंख, दुसरा पंख, मग क्लिपचे दात, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला की चष्मिषने पटकन खुर्ची पुढे केली. खुर्चीवर ‘बसू नये’ लिहिलं होतं. ते बसले.

“दीडशे वर्षं,” ते पुटपुटले. “परदेशी पाहुण्यांना दाखवलं मी हे. भाषण केलं मी या माशावर!”

ताई मात्र खाली वाकल्या होत्या. त्यांची नजर टाक्यांवरून सरकत होती. “हे हाताने शिवलंय? मशीन नाही? अहो, किती बारीक आणि किती एकसारखं... माशाजवळचं सोडलं तर.” मग त्या एकदम सरळ झाल्या. “थांब हं. तुझी आई... तिच्याकडे एक पिशवी आहे का? राखाडी, वर वेगवेगळ्या रंगांची बटणं लावलेली?”

“आहे की. का?”

“त्या दर महिन्याला येतात! बाकी घर बघतही नाहीत. सरळ इथे येऊन उभ्या राहतात. एकदा मला माशाची गोष्ट परत सांगायला लावली आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की मीच त्यांना पाणी आणून दिलं.”

आजचा पहिला धक्का तोफेने पचवला होता. हा दुसरा मात्र पचेना. आई दर महिन्याला ‘जरा जुनी घरं, प्रदर्शनं बघून येते’ म्हणून जायची. येताना एखादं दोऱ्याचं रीळ नाहीतर लेसचा तुकडा आणायची आणि त्या संध्याकाळी उगाचच गाणं गुणगुणत पडदे काढून धुवायला टाकायची. बाबा चिडवायचे, “आलीस का तुझ्या राजवाड्यातून?” तोफेला वाटायचं, काय कंटाळवाणा छंद आहे हिचा.

म्हणजे आईला माहीत होतं. इतके दिवस. आणि तिने घरात चकार शब्द काढला नव्हता.

व्यवस्थापक खुर्चीतून उठले. पलंगाजवळचं माहितीचं कार्ड त्यांनी काढून खिशात घातलं. “आता हे इथे राहू शकत नाही. शनिवारी आईवडिलांना घेऊन ये आणि तुमची वस्तू घेऊन जा. आणि कृपा करून फार बोभाटा करू नका.”

परतताना बसमध्ये लंबूला आणि चष्मिषला हसू आवरत नव्हतं. “पायजमा! परदेशी पाहुण्यांना पायजमा!” मध्येच लंबू म्हणाली, “ए पण खरंच, तुझी आई मला शिकवेल का गं? असले टाके?” तोफेने नुसती मान हलवली. पैज जिंकली होती, आणि जिभेवर मात्र काहीतरी कडवट होतं.

घरी आई धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या करत होती, कडेला कड जुळवून, वरून तळवा फिरवत. बाबा स्टुलावर चढून स्वयंपाकघरातली सैल झालेली फळी ठोकत होते. तोफेने दप्तर खाली टाकलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

बाबांच्या हातून हातोडी निसटली. नशीब, पायावर नाही पडली.

“त्यांनी कार्ड काढलं?” आईने विचारलं.

तिने दुसरं काहीच विचारलं नाही. टॉवेल तिच्या हातात तसाच लोंबकळत राहिला आणि तिचा चेहराच विझला. आई आनंदाने उडी मारेल असं तोफेला वाटलं होतं.

“मी सांगतो,” बाबा स्टुलावरूनच म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता. “अगं, तो आरसा... आरशाला गुंडाळायला काही मिळेना. घाई होती. हाताला जे लागलं ते गुंडाळलं. मला वाटलं ते लोक परत पाठवतील.”

“मला माहीत आहे,” आई म्हणाली. “आरसा कुठे उभा केलाय ते बघायला गेले होते, तेव्हाच दिसली. त्यांनी ती त्या पलंगाचीच समजून वर पसरली होती.”

“माहीत होतं?” बाबांचा आवाज चिरकला. “अगं, मी इतकी वर्षं त्या सामानाच्या ट्रकवाल्याला शिव्या घालतोय! तुझ्यासमोर! दर वेळी नवीन!”

“ऐकत होते की. काही काही छान असायच्या.”

तोफेला हसू फुटलं, पण आई हसली नाही. ती खाली बसली आणि टॉवेल मांडीवर घेतला.

“घरी होती तेव्हा तिच्यावर चहा सांडला, शाई सांडली. पाहुणे आले की मीच ती आत नेऊन ठेवायची, गादीखाली. गोधडी ती, कोण बघतंय? आणि तिथे लोक हात मागे बांधून उभे राहतात गं. कुजबुजत बोलतात. एकदा एक बाई दुसरीला म्हणाली, ‘बघ बाई, याला म्हणतात हात.’ माझा हात! मी तिच्या शेजारीच उभी होते.” तिने नाक ओढलं. “मी तोंड उघडलं असतं तर तीच बाई म्हणाली असती, हं, जुने पायजमे जोडलेत. म्हणून गप्प बसले. महिन्यातून एकदा जायचं, बघून यायचं. एवढंच होतं माझं. आता तेही...”

तोफ थिजून उभी राहिली. एका पैजेपायी आपण काय पाडलंय ते आता कुठे तिच्या डोक्यात शिरत होतं. बाबा स्टुलावरून उतरले, आईपाशी गेले आणि एका टॉवेलाची वेडीवाकडी घडी घालायला लागले.

आणि मग तिला ताई आठवल्या. खिसा दिसल्यावर, सगळं कळून चुकल्यावर, तरीही खाली वाकलेल्या. मशीन नाही? किती बारीक! आणि बसमधली लंबू, हसता हसता मध्येच थांबलेली.

“ते बघत होते, आई,” ती म्हणाली.

“कोण?”

“सगळे! पायजमा दिसल्यानंतरसुद्धा! त्या ताई तर जास्तच जवळ गेल्या. लंबू तुझ्याकडे शिकायचं म्हणतेय. लंबू! जिला शर्टाचं बटण लावता येत नाही.”

आईने वर पाहिलं. विश्वास ठेवावा की नाही, अशा नजरेने.

तोफेने दोन्ही हात कमरेवर ठेवले. आवाज आपोआप स्टेजवरचा झाला.

“ऐका दोघंही. गोधडी घरी येणार नाही. शनिवारी मी त्या व्यवस्थापकांना सांगणार आहे, आरशाशेजारी ठेवा, हव्या त्या खोलीत ठेवा, पण ठेवा. आणि नवीन कार्ड लावा, त्यावर थोरल्या बाईंच्या जागी माझ्या आईचं नाव. ते नाही म्हणाले तर पुढच्या शनिवारी परत सांगेन. हो म्हणेपर्यंत सांगेन. आणि हो म्हणाले की दर शनिवारी त्या दोरापाशी मी उभी राहणार आणि माशाची खरी गोष्ट येणाऱ्या प्रत्येकाला सांगणार, काळा दोरा संपला होता इथपासून. आई, तू शेजारी उभं राहायचं. पिशवी घेऊन. लोक बघतात की नाही ते स्वतः बघ.”

“अगं पण...” आई म्हणाली.

“आणि मी?” बाबांनी विचारलं.

“तुम्ही त्या ट्रकवाल्याला शोधून काढा आणि त्याची माफी मागा. मी विचारत नाहीये हं. सांगतेय.”