शिंगातलं मेण

इलियासची कामाची रीत पक्की होती: वस्तू आधी धुवायची, मग मोजायची. श्रीवर्धनला मामाच्या लेथवर तो हे शिकला आणि आखातातल्या जिदहफ्सच्या वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं त्याने ते मोडलं नव्हतं. पंप येवो, गिअर येवो, रॉकेलमध्ये बुडवून तारेच्या ब्रशने लख्ख केल्याशिवाय तो व्हर्नियर हातात घेत नसे.

बू हाशिमचं शिंगही त्याने तसंच धुतलं.

बू हाशिम जवळच्या बुदैया गावचा, सत्तरीचा. वडील मोत्यांच्या धंद्यात मुंबईला ये-जा करत, त्यामुळे म्हातारा हिंदी बरी बोलायचा. घरात वडिलांची ठासणीची बंदूक होती. तिकडे लग्नात पुरुष समोरासमोर रांगा करून अर्दा नाचतात, तलवारी झुलवतात आणि अशा बंदुकांचे नुसत्या दारूचे बार काढतात, गोळी नसते. नातवाच्या लग्नात बार निघेल तो वडिलांच्याच मापाचा, असं म्हाताऱ्याने ठरवलं होतं. परवाना काढला होता. जाड दाण्याची काळी दारू मिळवली होती. वर ठासायचा बोळासुद्धा, वडील वापरत तसा, खजुरीच्या काथ्याचाच. अडलं होतं ते मापाशी. वडील शिंगाच्या एका टोकदार भांड्याने दारू मोजत, आणि ते आता उभं चिरलं होतं. तेवढीच दारू घेणारं पितळेचं माप त्याला हवं होतं. केसभरही कमी-जास्त नको.

इलियासने शिंग धुतलं, चाळलेलं मीठ त्यात भरलं, काठावरून पुठ्ठा फिरवून सपाट केलं. मग तेच मीठ काठोकाठ मावेपर्यंत पितळेची नळी आतून कोरत नेली. बुधवारी संध्याकाळी शिंग आणि नळी दोन्ही देऊन टाकली.

गुरुवारी अर्ध्या दिवसाचं काम. दोन वाजता दत्ताराम लेथखालचा ट्रे झाडत होता. तो गुहागरचा, वर्कशॉपची पिकअप चालवायचा आणि कुणी सांगितलं नाही तरी झाडलोट करायचा. पितळेच्या किसातून त्याने अंगठ्याच्या पेराएवढा काळा गड्डा उचलला.

"ह्ये काय इलियासभाई?"

"शिंगातला मळ. तळाशी बसला होता, आकड्याने काढला."

दत्तारामने नखाने ओरखडलं, वास घेतला. "मळ असा सपाट बसतो होय? मेण हाय ह्ये. कुणीतरी वितळवून ओतलंय."

इलियासने गड्डा हातात घेतला. खालून शिंगाच्या टोकासारखा निमुळता, वरून पाणी थिजावं तसा सपाट. त्याने व्हर्नियर लावून आकडा काढला. शिंगातली जवळजवळ तिसरा हिस्सा जागा या मेणाने अडवलेली होती. म्हणजे त्याची नळी दीडपट दारू घेत होती.

मेण कशासाठी, हेही त्याला लगेच उमगलं. म्हाताऱ्याने बंदूक दाखवायला आणली तेव्हा त्याने आत दिवा धरून पाहिलं होतं. मागच्या अंगाला, जिथे दारू पेटते तिथेच, लोखंड गंजाने खाल्लेलं होतं; म्हणूनच कुणीतरी मेण ओतून दारू कमी केली होती. आणि बार उडताना तोच भाग म्हाताऱ्याच्या गालाजवळ येणार होता.

त्याने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. लग्नाच्या घरात फोन कोण उचलणार? लग्न आजच होतं; अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज झाली की अर्दा सुरू व्हायचा होता.

पिकअपमध्ये इलियास एका जागी बसेना. काच खाली करी, वर करी, घड्याळ बघे. दत्ताराम म्हणाला की एवढी वर्षं टिकलेली बंदूक आजच कशी फुटेल. आवाज जरा मोठा होईल, लोक खूश होतील. शिवाय आपणच चूक कबूल केली तर शेठ काय म्हणेल, व्हिसा त्याच्याच हातात आहे. यातली एकही गोष्ट इलियासच्या मनात आली नव्हती असं नाही. तो एवढंच म्हणाला, "सिग्नल सुटला."

मांडवापुढे ढोल सुरू झाले होते. बू हाशिम रांगेत उभा होता. त्याने दारू ओतून, वर बोळा ठासून गज बाजूला ठेवला होता. वात मात्र अजून पेटवली नव्हती. इलियासने रांग तोडली आणि बंदुकीच्या तोंडावर तळहात ठेवला.

ढोल थांबले. म्हाताऱ्याचा मुलगा हाशिम पुढे आला. पाहुण्यांसमोर हा काय प्रकार, असं त्याने अरबीत विचारलं. इलियास त्याच्याकडे न बघता म्हाताऱ्याशी बोलला.

"मापात मेण होतं. मला मळ वाटला, मी काढून टाकलं. चूक माझी आहे. दारू जास्त झालीय."

इलियासने पुढे केलेला गड्डा म्हाताऱ्याने निरखून पाहिला. वडिलांनी मेणाबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं. मग त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे मेणाआधीचं माप माझ्या आजोबांचं. मग तर तेच अस्सल."

"आजोबांच्या वेळी बंदूक नवी होती," इलियास म्हणाला. "आता मागून गंजाने खाल्लीय."

हाशिम कंटाळून म्हणाला की हा हिंदी माणूस घाबरलाय, यल्ला, चला, बाजूला करा त्याला. कुणी हात लावायच्या आत म्हाताऱ्याने बंदूक खाली वाळूत टेकवली आणि गज इलियासकडे दिला. गजाच्या टोकाला पिळाचा आकडा होता. इलियासने बोळा हळूच ओढून काढला, दारू वाळूत सांडली. मग घरातून शिंग मागवलं, मेण तळाशी दाबून बसवलं आणि चिरेवर अंगठा दाबून नवी दारू मोजली. बोळा म्हाताऱ्याने स्वतः ठासला.

बार उडाला. आवाज बेताचा होता. शेजारच्या बंदुकीने तर त्याला पार झाकून टाकलं. रांगेत हशा पिकला. म्हाताऱ्याची बंदूक खोकली, असं कुणीतरी म्हणालं, आणि हाशिमने मान खाली घातली.

बू हाशिम धुरात तसाच उभा होता. बंदुकीची नळी त्याने मागून पुढून चाचपली, गालावरून हात फिरवला.

"माझ्या वडिलांनाही लोक असेच हसायचे," तो सावकाश म्हणाला. "मी लहान होतो. मला लाज वाटायची. विसरलोच होतो."

मग त्याने ढोलवाल्यांना खूण केली, बंदूक पुन्हा वाळूत टेकवली आणि इलियासला दुसऱ्या बारासाठी शिंग भरायला सांगितलं.