उजव्या सीटवरचा माणूस

मालेगावात जगदेव मिस्त्रीच्या नावावर काय जमा आहे असं विचारलं, तर लोक दोनच गोष्टी सांगायचे: पाण्याचे टँकर आणि अमेरिका. टँकर काय, कुणीही करतो. अमेरिका मात्र अख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकच होती.

ती नवरदेवाची गाडी. खालून जुनी जीप, वरून सगळा जगदेवच्या हातचा पत्रा. मूळ गाडी त्यानं जन्मात पाहिली नव्हती. न्हाव्याच्या भिंतीवर एका जुन्या कॅलेंडरचं चित्र होतं: लांबलचक, बिनछताची, गुलाबी अमेरिकन गाडी, मागं माशासारखे दोन पर. दाढीला बसला की जगदेव आरसा सोडून तिच्याकडं मान वळवायचा. दोनदा गाल कापला, तेव्हा न्हाव्यानं वैतागून चित्रच त्याच्या हातात दिलं. मग बोअरच्या पाइपाचा बंपर झाला, ट्रॉलीचे लाल दिवे परांत बसले, आणि चित्रात स्टेअरिंग डावीकडं होतं म्हणून यानंही डावीकडं नेलं.

गाडीला पैसा घालणारा बँडवाला रविकांत चक्रावला. "मिस्त्री, हे काहून?"

"चित्रात हाये म्हून."

"चित्रातली गाडी तिकडच्या रस्त्यानं चालते ना बाप्पा!"

"मंग पत्राही तिकडूनच आणाचा होता."

हट्ट फळला. डावीकडं ड्रायव्हर म्हणजे थेट फॉरेनचीच, असं लोकांनी ठरवून टाकलं. वरातीत गाडी चालणार माणसाच्या पायानं, तिथं स्टेअरिंग कुठंही असलं तरी बिघडत नव्हतं. बिघडायचं ते एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना. पुढं ट्रक असला की डावीकडच्या ड्रायव्हरला ट्रकचा पार्श्वभाग सोडून काही दिसायचं नाही. म्हणून चालवायला मुलगा, मुकेश, आणि उजव्या सीटवर जगदेव. तो मान बाहेर काढून बघायचा आणि म्हणायचा, "थांब." नाहीतर, "काढ." बापलेकांचं वर्षभराचं बोलणं बहुतेक या दोन शब्दांतच उरकायचं. पुष्कळ घरांत तेवढंही होत नाही.

जगदेवची कुरकुर एकच होती. गाडीच्या दोन्ही अंगांवर रविकांतच्या बँडचं नाव. माइकवरून आचाऱ्याचे आभार, मंडपवाल्याचे आभार, एकदा तर घोडीचेही. मिस्त्रीचं नाव कधी नाही. "जाऊ द्या, आपल्याले काय कराचं," असं तो हसून सोडायचा. पण सोडलेलं सगळं त्यानं नीट मोजून ठेवलेलं असायचं.

गेल्या उन्हाळ्यात किन्हीराजा गावच्या एका लग्नात मुलीच्या बापानं माइक हातात घेतला. जेवणं झाली की अमेरिकेचे निर्माते जगदेवभाऊ यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल, म्हणाला. संध्याकाळी मालेगावात दुसरी वरात होती.

"चला ना बाबा, उशीर होऊन राह्यला," मुकेश म्हणाला.

"तू हो पुढं. मी शाल घेतो अन् येतो कोनाच्याही मोटरसायकलवर."

"अन् उजवीकडं कोन?"

"दुपारचा रस्ता मोकळाच असते. हळू जाय."

रस्त्यावर कडब्यानं फुगलेला ट्रक होता. मुकेशनं बघायला म्हणून गाडी बाहेर काढली, आणि समोरून टिप्पर आला. मंडपात निरोप पोहोचला तेव्हा नारळ अजून जगदेवच्या हातातच होता.

तुळसाबाईनं नवऱ्याला एका शब्दानं बोल लावला नाही. शाल मात्र तिनं घडी न करता खिळ्याला लटकवली, ती तशीच राहिली.

दिवाळी सरली. लग्नांचे दिवस जवळ आले, तसा रविकांतनं अमेरिकेचा सांगाडा क्रेननं आणून जगदेवच्या दारात टाकला. सोबत नवा ड्रायव्हर होता, गोविंदसिंग. वैशाखातच लग्न झालेला, सदा हसरा.

"तुमच्याशिवाय हे कोनाच्यानं होत नाही, मिस्त्री," रविकांत म्हणाला. "जशी होती तशी करा. स्टेअरिंग डावीकडंच पाह्यजे, लोक तेच पाहाले येतात. अन् यावेळी मांगं पितळी पाटी लावतो. निर्माता, जगदेव मिस्त्री."

इतकी वर्षं जे मागायला जीभ रेटली नव्हती, ते न मागता समोर आलं. जगदेवनं मान हलवली.

"काका, उजवीकडं मी बायकोले बसवतो," मोडक्या सीटवर बसून गोविंदसिंग म्हणाला. "तिले मले थांब म्हनाची सवयच हाये!"

सगळे हसले. जगदेवही हसला, आणि मधेच थांबला.

घरी त्यानं पाटीचं सांगितलं. तुळसाबाई भाकरी थापत होती. ही रडेल, नको म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. मग नाइलाज म्हणून सोडून देता आलं असतं. ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "करा ना. पन उजवीकडं कोन बसन?"

मुकेशचं ते बोलणं त्यानं तिला कधीच सांगितलं नव्हतं. तो पाणी न पिताच उठला.

काम त्यानं जीव ओतून केलं. पर पहिल्यापेक्षा सुरेख उतरले, गुलाबी रंगात तोंड दिसत होतं. रविकांत पाटी घेऊन आला, गाडीभोवती फिरला आणि पुढच्या दाराशी थबकला. स्टेअरिंग उजवीकडं होतं.

"हे काय करून ठेवलं, मिस्त्री? अमेरिका राह्यलीच नाही हे!"

"पहिले चित्र होतं. आता गाडी हाये."

"मंग पाटी कायले लावू?"

"नका लावू."

रविकांतनं पाटी परत पिशवीत टाकली. दुसरं काही करायला वेळ नव्हता, म्हणून गाडी नेली. पुढचं काम मात्र तो अकोल्याच्या मिस्त्रीकडं टाकणार, हे जगदेवला न सांगता कळलं.

पहिली वरात मालेगावातच निघाली. जगदेव गर्दीत मागं उभा राहिला. गोविंदसिंग उजवीकडं बसून ऐटीत चालवत होता. शेजारचा फेटेवाला पाहुणा तोंड वाकडं करून म्हणाला, "हे अमेरिका नाही गा. तिचं स्टेअरिंग तिकून होतं. हे डुप्लिकेट हाये."

"ओरिजिनलचा एक्सिडेंट झाला ना," कुणीतरी म्हणालं. "पोरगं गेलं त्याच्यात."

पाहुणा जगदेवकडं वळला. "तुमी पाह्यली होती का वो, ओरिजिनल?"

"पाह्यली."

"चांगली होती म्हन्तात."

"दिसाले," जगदेव म्हणाला.