समुद्र नाही, रेघ बघ!

आळीत त्यांना सगळे रेघवाले म्हणायचे. कारण सरळ होतं. माणसानं सगळी हयात रस्त्यावर पांढऱ्या रेघा मारण्यात घालवली. भट्टीत रंग वितळवायचा, ढकलगाडीत ओतायचा आणि पाठीतून वाकून, एक एक पाऊल टाकत, रस्त्याच्या कडेनं रेघ सोडत जायचं. वरून काचेचे बारीक मणी भुरभुरायचे, म्हणजे गाडीचा उजेड पडला की रेघ चमकते. आता निवृत्त झाले होते, पण पाठ काही सरळ झाली नव्हती. घरात चालतानाही खाली बघत चालायचे. फरशीच्या सांध्याची रेघ धरूनच पावलं टाकायचे, एखादं बाजूला पडलं तर स्वतःवरच चिडायचे.

लग्न जमवताना सासऱ्यांनी विचारलं होतं, "मुलगा करतो काय?" मध्यस्थ म्हणाला, "रेघा मारतो." सासऱ्यांना वाटलं, नकाशे काढणारा साहेब दिसतोय. खरा प्रकार कळला तोवर लग्नाची जेवणं उरकून पाहुणे आडवे झाले होते.

बायको शिवणकाम करायची. खिडकीशी मशीन, मशीनशी बाई, आणि तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात असतानाही बोलायची, हे विशेष. तिची शिलाई अशी, की उसवायला बसलं तर डोळे जातील. त्यामुळे घरात वाद ठरलेला. रेघवाले म्हणायचे, "तुझी शिलाई वीतभर. माझी रेघ मैलभर जाते, कुठं हलत नाही." ती म्हणायची, "जात असेल. रस्त्यावर खाली बघतंय कोण? लोक समोर बघतात."

हे वाक्य त्यांना फार लागायचं. वरवर हसायचे, पण आत कुसळ रुतल्यासारखं रुतून बसलं होतं. आयुष्यात माणसाला फार काही नको असतं. रेघवाल्यांना एवढंच हवं होतं, की बायकोनं एकदा, फक्त एकदा, त्यांची रेघ डोळ्यांनी बघावी आणि म्हणावं, बरी आहे. चांगली म्हणायची पण गरज नाही. बरी म्हटलं तरी चालेल.

त्यातही एक रेघ त्यांच्या फार जिवाची. लांब तिकडं, ज्वालामुखीच्या पायथ्याला. दोन्ही बाजूंना काळ्या दगडांचं माळरान, कधीकाळी डोंगरातून वाहत आलेलं आणि थंड होऊन बसलेलं. रस्ताही काळा. आणि त्या सगळ्या काळ्यातून एकच पांढरी रेघ, सरळ डोंगरापर्यंत. "तसली रेघ माझ्या हातून परत झाली नाही," असं ते कुणालाही सांगायचे. विचारलं नाही तरी सांगायचे.

आणि एक दिवस जुना सोबती बाजारात भेटला. म्हणाला, "तुमच्या काळ्या माळावर पुढच्या महिन्यात नवीन डांबर पडतंय बरं का."

झालं. रेघवाले घरी आले ते पिशवी न ठेवताच म्हणाले, "अगं, फिरायला जाऊ या का?"

मशीन थांबलं. बायकोनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "तब्येत बरी आहे ना तुमची?"

"ठणठणीत आहे. समुद्र दाखवतो, डोंगर दाखवतो, ज्वालामुखी दाखवतो."

"डॉक्टर काही बोलले का? माझ्यापासून लपवू नका."

शेवटी तिची खात्री पटली. गाडीचा प्रश्न तिच्या धाकट्या भावानं सोडवला. त्याचं गाद्यांचं दुकान, दारात माल पोचवायची मोठी व्हॅन. म्हणाला, "दाजी, मी चालवतो. मागं एक गादी टाकतो. ताईला पाय पसरता येतील, आणि तुमचं भांडण झालं तर तुम्हालाही मागं पाठवता येईल."

निघाले सकाळी. शहर संपलं, एक उतार लागला, आणि समोर समुद्र. असा निळा, की बघणाऱ्यानं बोलणं विसरावं. रस्ता अगदी पाण्याच्या कडेकडेनं. लाटा खडकावर आपटून तुषार काचेवर येत होते. बायकोनं मागची खिडकी खाली केली, केस उडू दिले.

"बघ, बघ!" रेघवाले म्हणाले.

"बघतेय की. केवढा आहे हो!"

"अगं, समुद्र नाही, रेघ बघ! ही कडेची. माझी आहे."

गादीवाला मेहुणा स्टीअरिंगवर डोकं टेकून हसायला लागला. "दाजी, अहो, समोर एवढा समुद्र पसरलाय आणि तुम्ही रेघ दाखवताय?"

"समुद्र कुणीही दाखवील. आणि तू समोर बघ."

"समोर बघू का रेघ बघू? एक काहीतरी सांगा."

बायको तशीच बाहेर बघत राहिली. रेघ तशी उतरलीच होती. खाऱ्या वाऱ्यानं निम्मी खाल्लेली, कुठं कुठं नुसता पांढरा डाग. रेघवाल्यांना वाटलं, हिला दिसलीच नसणार. मनाशी म्हणाले, असू दे, ही काही खरी नव्हे. खरी पुढं आहे.

मध्ये थांबले. बायको चप्पल हातात घेऊन पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिली, लाट आली की लहान पोरीसारखी ओरडायची. उकडलेली अंडी खाल्ली, थर्मासमधला चहा प्याले. मेहुण्यानं अंड्याची टरफलं रुमालात गोळा केली. रेघवाले तोवर रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून, एक डोळा मिटून, रेघेच्या टोकापर्यंत बघत होते. मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं विचारलं, "काका, काही हरवलंय का?"

दुपारी घाट लागला. झाडी दाट, हवा गार. वळणावर वळण. रस्ता एवढा गोल फिरायचा, की आपलीच मागची चाकं पुढं दिसतील असं वाटावं. खाली दरीत ढग पडलेले. वर कड्यावरून बारीक पाणी सुटलेलं, वाऱ्यानं दोऱ्यासारखं हलायचं. इथं रस्त्याच्या मधोमध जोडरेघ होती. म्हणजे काय, तर ओलांडायची नाही.

पुढं एक ट्रॅक्टर चालला होता, गवताचे भारे लादून. मेहुणा कंटाळला. दोन्हीकडं बघितलं आणि सुर्रकन व्हॅन बाहेरून पुढं काढली.

"अरे, अरे, अरे!" रेघवाले सीटवरून उठलेच. "जोडरेघ होती!"

"रिकामा होता रस्ता, दाजी. आणि रेघ आहे ती, भिंत नाही."

"माझी रेघ भिंतच आहे!"

"ताई, सांग ना यांना."

"मला मध्ये घेऊ नका," मागून आवाज आला. "मला गाडी लागतेय." ती खिडकीला गाल लावून, बाहेर टक लावून बसली होती. पुढच्या सगळ्या वळणांवर तशीच. रेघवाल्यांनी तीनदा आरशातून बघितलं. दरी बघत असेल, त्यांनी मनात म्हटलं. दरी आहेच तशी, बिचारी काय करील.

पण खरं सांगायचं तर थोडं वाईट वाटलंच.

घाट उतरला आणि झाडी तोडल्यासारखी संपली. गवतसुद्धा संपलं. काळं माळरान सुरू झालं. दगड असे, की जणू कुणी भाकरी करपवून, चुरून फेकून दिलीय. काही ठिकाणी वळ्या पडलेल्या, काही ठिकाणी फुगून फुटलेले. वारा आडवा, जोराचा, व्हॅन हलवणारा. आणि सगळ्याच्या शेवटी तो डोंगर. रेघवाले सावरून बसले. कॉलर नीट केली. खरंच केली, जसं काही कुणाला भेटायला चाललेत.

"आता बघ हं. समोरचा उंचवटा ओलांडला, की..."

उंचवटा ओलांडला. लाल झेंडा घेतलेला माणूस आडवा आला. मेहुण्यानं ब्रेक मारला.

समोर नवं कोरं डांबर. काळं कुळकुळीत, अजून वास येत होता. त्यावर पांढरं काही नाही. काहीच नाही.

रेघवाले खाली उतरले. कडेला एक टोपीवाली बाई दोघा माणसांकडून दोरी ताणून घेत होती. तीच मुकादम. नवीन रेघ मारायच्या आधी आखणी करायला दोरी लागते.

"जुनी रेघ?" रेघवाल्यांनी विचारलं.

"खरवडली की परवा. सगळा थर काढून टाकला."

"पुढच्या महिन्यात म्हणाले होते..."

"पावसाच्या आत उरका म्हणून वरून आलं." ती कामातून मान वर न करता म्हणाली. "का हो? काही काम होतं का?"

"नाही," रेघवाले म्हणाले. "सहज."

ते व्हॅनच्या पलीकडं जाऊन उभे राहिले, वाऱ्याकडं पाठ करून. मेहुणाही उतरला. तो उगाच टायरला लाथ मारून हवा तपासत राहिला. माणूस एवढ्या लांब येतो आणि जे दाखवायचं तेच जागेवर नाही. राग तरी कुणावर काढणार? डांबर चांगलं पडलं होतं. तेही त्यांना दिसत होतं, हाच तर वांधा.

तेवढ्यात बायको उतरली. पदर, केस वाऱ्यानं उडत होते. ती चालत दोरीपाशी गेली, मान थोडी तिरपी केली आणि म्हणाली, "अहो बाई, तुमच्या दोरीला पोट आलंय."

"काय?"

"पोट. मधेच फुगलीय. आडवा वारा आहे ना, वारा ढकलतोय तिला. दोन टोकं बरोबर आहेत, मधे झोळ."

मुकादम बाई खाली बसली. बघितलं. तिचा एक माणूस म्हणाला, "काही नाही हो, सरळ आहे." ती म्हणाली, "गप. आहे पोट." मग वर बघून, "तुम्ही यातल्या का?"

"मी शिवणकामातली. आमचे हे यातले." बायकोनं व्हॅनकडं हात केला, पण बघितलं नाही. "सकाळपासून यांच्याच रेघेच्या कडेनं आलोय आम्ही. समुद्राकाठची जाऊन बघा. वाऱ्यानं निम्मी खाल्लीय, पण उरलीय ती तुकड्या-तुकड्यातसुद्धा एका ओळीत आहे. आणि घाटातली तर विचारू नका. तेवढी वळणं! ब्लाउजच्या गळ्याला पायपिंग बसवतात ना, तशी बसवलीय. मी गाडी लागत असतानाही बघत होते, म्हटलं एखाद्या वळणावर तरी चुणी सापडेल. नाही सापडली. मला तसं काम कापडावर जमायला फार वर्षं लागली, हे तर रस्त्यावर करत होते."

व्हॅनच्या पलीकडं रेघवाले होते तसे उभे. ते काय बघत होते कोण जाणे, कारण तिकडं नुसते दगड होते. मेहुणा पुढून वळसा घालून आला, त्यांचं तोंड बघितलं आणि हळू म्हणाला, "दाजी, वारा फार आहे ना? डोळ्यात जातो."

"फार आहे," रेघवाले म्हणाले.

"तुम्हाला ती घरी असं कधी..."

"तोंडावर? छे! तू वेडा आहेस का?"

मुकादम बाईनं दोरीला मधे मधे जास्तीचे खिळे ठोकून घेतले, आणि हाक मारली, "काका, एक नजर टाकता का?" रेघवाले आले. उकिडवे बसले, एक डोळा मिटला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "वारा पडेल तेव्हा मारा, संध्याकाळी. तोवर चहा प्या." एवढंच. उठताना गुडघे वाजले. बायकोनं हात दिला.

झेंडेवाल्यानं रस्ता सोडला. व्हॅन त्या काळ्या रस्त्यानं निघाली. दाखवायला काही उरलं नव्हतं, म्हणून रेघवाल्यांनी मान वर केली.

"आयला," ते म्हणाले.

डोंगराच्या डोक्यावर धूर होता. पांढरा, संथ, एखाद्या माणसानं जेवून निवांत विडी ओढावी तसा. उतारावर पट्टे, तांबडे, पिवळे, मधेच शेवाळासारखे हिरवे. पायथ्याशी जमिनीला भेगा, त्यातून वाफ येत होती, आणि त्या उबेला एवढीशी पिवळी फुलं आली होती.

"असला आहे होय हा?"

बायको पुढं वाकली. "म्हणजे? तुम्ही इथं महिना महिना राहिलात ना?"

"राहिलो. तंबू तिथंच होता, त्या टेकाडाखाली."

"आणि डोंगर नाही बघितला?"

"मान खाली असायची गं. संध्याकाळी वर करायची म्हटलं तर दुखायची. धूर आहे, एवढं माहीत होतं. रंगीत आहे, हे कुणी बोललं नाही."

मेहुण्यानं गाडी थांबवली. तिघं उतरले. जमीन खरंच कोमट होती. बायको सरळ बसलीच खाली, म्हणाली, "कंबरेला काय बरं वाटतंय!" मग रेघवालेही बसले, मग आडवेच झाले, पाठीला ऊब घेत, तोंड आभाळाकडं करून. मेहुणा म्हणाला, "असं फुकट मिळायला लागलं तर माझी गादी कोण घेणार?"

"अहो," बायकोनं हळूच विचारलं, "फार वाईट वाटलं का? ती रेघ गेली म्हणून."

रेघवाल्यांनी थोडा विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं. "मघाशी वाटलं. आता नाही एवढं."

"मग बरं."

धूर वर गेला, पसरला, परत वर गेला. मग रेघवालेच म्हणाले, "ए, जाताना दुसऱ्या रस्त्यानं जाऊ या का? पलीकडून तळ्यांच्या बाजूनं पण एक रस्ता आहे."

मेहुण्यानं कपाळाला हात लावला. "तिकडं किती रेघा आहेत तुमच्या?"

"एकही नाही. तिकडं रेघा मारायला दुसरी टोळी होती." ते कोपरावर टेकून उठले, पाठीची माती झाडली. "म्हणून तर म्हणतो. निवांत बघता येईल."

"आणि त्यांची रेघ वाकडी निघाली तर?" बायको म्हणाली.

"निघू दे," रेघवाले म्हणाले. "तू खिडकीपाशी बस. मी तुझ्या शेजारी मागं बसतो."