इंजिनाची बाजू

रतनने टेपरेकॉर्डर पाटावर ठेवला, पाट मोटरसायकलपासून दोन हात लांब सरकवला आणि लाल बटण दाबलं.

"हं, मारा किक, भाऊजी."

जगनने किक मारली. गाडी चालू झाली, पण प्रत्येक ठोक्यामागे फसफस करू लागली. रतन टेपकडे वाकून मोठ्याने म्हणाली, "इंजिन थंड आहे. चोक दिलेला नाही. आता रेस करतायत."

पहिल्या वेळी शहाडची त्यांची अख्खी चाळ दारात येऊन हसली होती. आता कुणी मान वर करत नसे.

रतनचा नवरा दौलत मस्कतला फिटर होता. जाताना त्याने गाडी धाकट्या भावाच्या, जगनच्या हवाली केली आणि बजावलं की परक्या मेकॅनिकचा हात लागता कामा नये. आवाज भरून पाठवायचा, दुखणं तो तिथून सांगेल. तीन वर्षांत त्याचं निदान एकदाही चुकलं नव्हतं.

कॅसेटची एक बाजू इंजिनाची, दुसरी घरच्यांची. घरच्यांच्या बाजूला दौलतची दातखीळ बसायची. "मी बरा आहे. तुम्ही बरे असाल. रतन, वेळेवर जेवत जा." संपलं. इंजिनाच्या बाजूला मात्र गडी अर्धा अर्धा तास बोलायचा, चिडायचा, हसायचा, मध्येच चहाचा घोट घ्यायचा. जगन कामावर गेला की रतन तीच बाजू पुन्हा लावायची. ऐकता ऐकता तिला प्लग, पॉइंट सगळं कळायला लागलं होतं.

पण गेले पाच महिने गाडी ठणठणीत होती. त्यात दौलतचं पत्र आलं: गणपतीला येणं जमत नाही, करार वर्षभराने वाढवलाय. रतनने पत्र तांदळाच्या डब्याखाली सारलं. दुसऱ्याच दिवशी गाडीला फसफस लागली.

डोंबिवलीचा प्रभाकर सुटी संपवून मस्कतला निघाला होता, त्याच्यासोबत कॅसेट गेली. जगन आंबिवलीच्या कारखान्यात चालत जाऊ लागला.

"वहिनी, नाक्यावर दाखवू का? पाच मिनटाचं काम असेल."

"नको. ह्यांना विचारल्याशिवाय नको."

हे म्हणताना तिने निवडायच्या तांदळातून नजर काढली नाही. त्याचे दुखरे पाय पाहून तिला लाज वाटत होती. पण तिला नवरा हवा होता, निदान त्याचा अर्धा तास तरी.

महिन्याने कॅसेट आली. जगन पाना घेऊनच ऐकायला बसला.

"जगन, प्लग ढिला आहे. एक आटा सुटलाय. आवळ. झालं."

रतनचा चेहरा उतरला. टेप फिरत राहिली. तिकडे कुठेतरी पंखा घरघरत होता. मग दौलतने घसा खाकरला.

"निघताना तो प्लग मीच आवळलेला. तुमच्याकडनं साफ करून घेतला, तेव्हा पण नीट बसवून घेतलेला. आपोआप सुटायचा नाय तो."

टेपवर चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला.

"रतन, प्लगचं सांगायला एक मिनिट लागतं गं. पुढच्या वेळी कार्बोरेटर उघड."

जगनने वहिनीकडे पाहिलं नाही. हातातला पाना त्याने हळूच तिच्याजवळ ठेवला आणि तो चपला शोधू लागला.

"आज पण चालतच जातो मी," तो म्हणाला.