शिरटेपाड्याचा उतार

विष्णुपंत परचुऱ्यांच्या बुटांना अंबरनाथमध्ये मान होता. लढाईच्या काळात लष्कराने त्यांना ते बूट दिले, तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते ओटीवर बसून बुटांना पॉलिश करीत, आणि मालिनीबाई आतून विचारीत, "झाली का पूजा? मग चहा घ्या." पुढे लढाई संपली, इंग्रज गेले, कल्याणच्या छावणीतल्या बराकींत सिंधी कुटुंबं राहायला आली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. बूट मात्र तेच राहिले, तळवे तेवढे बदलले.

बूट मिळायचं कारण असं. त्रेचाळीस साली छावणीतल्या मोटारींसाठी बदलापूरपलीकडचे रस्ते पाहायचं काम विष्णुपंतांकडे आलं. कुठला रस्ता लॉरीचं ओझं सोसेल, कुठली मोरी खचेल, कुठल्या नदीला गाडी पार जाईल असा उतार आहे, हे हिंडून बघायचं आणि नकाशावर मांडायचं. नदी लागली की त्यांची एक पद्धत होती. काठावरच्या कुणालातरी पलीकडे चालत जायला सांगायचं आणि पाणी त्याच्या अंगावर कुठवर चढतं ते टिपून घ्यायचं. स्वतः उतरायचा प्रश्नच नव्हता, बूट भिजले असते. आपला नकाशा पाहून निघालेली एकही लॉरी कुठे रुतली नाही, हे विष्णुपंत घरी आलेल्या प्रत्येकाला सांगत. पाहुणे कंटाळत, पण त्यात खोटं काही नव्हतं.

आता त्रेपन्न साल उजाडलं होतं. बदलापूरहून डोंगरातल्या पाड्यांपर्यंत रस्ता न्यायचं ठरलं आणि खात्याने जुना लष्करी नकाशा बाहेर काढला. बारवी नदीवर शिरटेपाड्यापाशी त्यात विष्णुपंतांची नोंद होती: पाणी छातीभर, मोटार जाणार नाही. पाणी उथळ असतं तर तळाशी दगडी फरशी घालून गाड्या नेता आल्या असत्या, पण छातीभर पाण्याला पूल हवा आणि पुलाला पैसा नव्हता. म्हणजे रस्ता अलीकडेच थांबणार आणि पाडा पलीकडे तसाच राहणार. पाड्यातली माणसं कचेरीत खेटे घालू लागली, तेव्हा तरुण इंजिनियर हेमचंद्र दिघे एकदा जाऊन बघायला तयार झाले. माहीतगार म्हणून त्यांनी विष्णुपंतांना जीपमध्ये घेतलं.

नदीवर सगळा पाडा अलीकडे येऊन उभा होता. पुढे म्हातारा धाकलू आणि त्याच्यामागे त्याची बायको ठमी. तिला विष्णुपंतांनी लगेच ओळखलं. तेव्हा पाण्यातून चालून दाखवलं होतं ते हिनेच. बाहेर आली तेव्हा ती इतकी कुडकुडत होती, की त्यांनी तिला आपल्या थर्मासमधला चहा दिला होता.

"सायब, पानी नाय एवढं," धाकलू म्हणाला. "आमची बैलगाडी जाते."

"मग नकाशात छातीभर कसं?" हेमचंद्रांनी विचारलं.

धाकलू आपल्या पायांकडे बघत राहिला. "तवा असंल जास्ती."

ठमी पुढे आली. "गेल्या साली थोरली सून अडली. डोलीत घालून नेली. बदलापूर दिसाया लागलं नि गेली. घरात आता धाकटी हाये, आवडी. तिची तशी गत नको. आमाला रस्ता पायजे सायब." एवढं बोलून, कुणी सांगायची वाट न बघता, ती पाण्यात उतरली.

पाणी तिच्या गुडघ्याच्या जरा वर आलं आणि तिथेच राहिलं. ती मध्यावर पोचली तरी काही वाढेना.

"हे तर काहीच नाही," हेमचंद्र म्हणाले.

विष्णुपंतांना ते झोंबलं. "यंदा पाऊस कमी झाला. मी पाहिलं तोही माघच होता, आणि पाणी हिच्या छातीला लागलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. धड पावसाच्या साली तुमची फरशी बुडून जाईल."

हेमचंद्रांनी मान डोलावली. "तसं असेल तर नाइलाज आहे. तुमची नोंद कायम करतो."

हे ठमीने ऐकलं. ती भर पाण्यात थांबली आणि मागे वळली. धाकलूने घाईघाईने मान हलवून तिला नको म्हटलं. तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि खाली बसली. भातखाचरात तण बेणताना बाया उकिडव्या बसून पुढे सरकतात, तशी ती पाण्यातून सरकू लागली. पाणी तिच्या छातीला लागलं. लुगडं भोवती फुगलं. तेव्हाही ते असंच फुगलं होतं.

"ही काय करतेय? पाय घसरला का हिचा?" हेमचंद्र म्हणाले.

विष्णुपंतांच्या सगळं लक्षात आलं होतं. त्यांना आधी संताप आला, मग लाज वाटली, आणि लाज जास्त वाटली. हेमचंद्रांना काहीच कळलं नव्हतं. आपण गप्प राहिलो तर ते कधी कळणारही नाही आणि नकाशा शाबूत राहील, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं. ठमी अजून सरकतच होती, मान वळवून त्यांच्याकडेच बघत.

ते एका दगडावर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. धाकलू जवळ येऊन हात जोडून उभा राहिला. "सायब, तुरुंगात टाकायचं तर मला टाका. तिला मीच सांगितलं व्हतं."

"बाजूला हो," विष्णुपंत म्हणाले, पण आवाजात राग नव्हता. विजार वर दुमडून ते पाण्यात उतरले. तळाला सलग कातळ होता, लॉरीच काय, लॉऱ्यांची रांग गेली असती. पाणी गार होतं आणि गुडघ्याच्या जरा वरच होतं. मध्यावर उभं राहून त्यांनी मागे हाक दिली, "दिघे, माझी नोंद खोडा. पाणी गुडघाभर, तळ कातळाचा. तेव्हाही गुडघाभरच होतं. मी काठावरून पाहिलं होतं."

हेमचंद्र अवघडले. त्यांनी खिशातलं पेन काढलं.

पलीकडच्या काठावर ठमी पदर पिळत उभी होती. विष्णुपंत वर आले, तशी ती दोन पावलं मागे सरली.

"का केलंत असं?" त्यांनी विचारलं.

"मोटार आली का मागून छावनी येते, असं समदी बोलायची. बैल नेतील, गवत नेतील, पाडा उठवतील. तवा मोटार नको व्हती आमाला." ती थांबली. "तुमी चहा पाजलात, तवा लय वाईट वाटलं. पन त्याच्या आदी भ्याच वाटत व्हतं."

"पकडले जाल म्हणून?"

"नाय," ठमी म्हणाली. "तुमी बूट काढताय का काय, म्हनून."