विद्यापीठात गेलेली घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, जाडीभरडी आणि अंगाला टोचणारी. ज्यांच्या घरी मेंढरं नाहीत त्यांना माझा वास सुरुवातीला सोसत नाही. पण एखादी घोंगडी एम.ए.च्या वर्गात जाऊन बसली, असं तुम्ही कधी ऐकलं नसेल. म्हणून माझी हकिकत तुम्हाला सांगते.

माझा जन्म शिरूर कासारजवळच्या एका वस्तीवर झाला. तिथे गहिनीनाथ नावाचे मेंढपाळ राहतात. एका वर्षी त्यांनी मेंढरं धुतली, कातरली आणि लोकरीचा ढीग अंगणात टाकला. त्यांच्या बायकोने, बायडाबाईंनी, ती लोकर निवडली. तिच्यातले काटे आणि कुसळं काढता काढता त्यांची बोटं सोलून निघाली. स्वयंपाक, पाणी, कोकरांची उस्तवार असं सगळं उरकून जो वेळ उरेल, त्यात त्यांनी सूत कातलं. ते सूत विणकर हरिबांकडे गेलं. हरिबांनी मला मागावर विणलं, चिंचोक्याची खळ लावली, उन्हात ताणून वाळवलं आणि म्हणाले, "गहिनीनाथ, ही दोन पिढ्या फाटत न्हाई बघा."

पहिल्याच दिवशी एवढं कौतुक! मी मनातून फुगले.

गहिनीनाथांना दोन मुलं. थोरला बजरंग आणि धाकटी शिवकन्या. मेंढरांवर सगळ्यांचं पोट भागत नसे, म्हणून बजरंग आणि त्याची बायको मंजुषा दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात. शिवकन्या मात्र शिकत होती. बी.ए. झाल्यावर तिने घरात सांगितलं, "मला विद्यापीठात स्त्री-अभ्यास हा विषय घेऊन एम.ए. करायचंय."

हे ऐकून सगळे एकमेकांकडे बघू लागले. गावचे पुढारी अर्जुनराव त्या वेळी ओट्यावर चहा पीत होते. ते हसले.

"बाईचा अभ्यास? अहो, बाई कळायला इद्यापीठात जावं लागतं का? पोरीला नर्सिंगला घाला, गहिनीनाथ. ह्याला नोकरी कुठं हाय?"

गहिनीनाथांनाही काही कळेना. "कावून एवढा हट्ट करती, पोरी?"

शिवकन्या खाली मान घालून बोलली, पण स्पष्ट बोलली. "आप्पा, माय दिवसभर राबती. तरी परवा जनगणनेचा माणूस आला, तवा तुमी काय सांगितलं? बायको काय काम करती म्हणल्यावर तुमी म्हणाला, काही न्हाई, घरीच असती. असं कावून म्हणतेत समदे, ते मला शिकायचंय."

अर्जुनरावांनी कपातला चहा संपवला. तेव्हा चुलीजवळून बायडाबाई म्हणाल्या, "जाऊ द्या तिला. नोकरी लागंल न लागंल, इचारायला तरी शिकंल."

निघायच्या दिवशी त्यांनीच माझी घडी करून शिवकन्येच्या पिशवीत कोंबली. "संभाजीनगरला थंडी लई असती म्हणं," एवढंच त्या म्हणाल्या.

मित्रांनो, वसतिगृहातले माझे पहिले दिवस फार वाईट गेले. शिवकन्येच्या खोलीत करिष्मा नावाची मुलगी होती. ती शहरात वाढलेली. मला पाहताच तिने नाकाला ओढणी लावली. "अगं, ही खोलीत ठेवणार तू?" शिवकन्या लाजली. तिने मला गुंडाळलं आणि खाटेखाली सरकवलं. वर गुलाबी रंगाची मऊ रजई आली. मी खाली धुळीत, जुन्या चपलांच्या शेजारी पडून राहिले. ज्या मुलीसाठी मी एवढ्या लांब आले होते, तिलाच माझी लाज वाटत होती.

त्यांच्या विभागात वनमाला मॅडम नावाच्या प्राध्यापिका होत्या. एकदा त्यांनी मुलींना सांगितलं, "उद्या घरातली अशी एक वस्तू आणा, जी विकत आणलेली नाही. ती कुणाच्या कष्टातून झाली, ते सांगायचं." शिवकन्या बराच वेळ खाटेवर बसून होती. मग वाकून तिने मला बाहेर काढलं आणि गच्चीवर नेऊन जोराने झटकलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गातल्या मोठ्या टेबलावर पसरले होते. शिवकन्या बोलायला उभी राहिली.

"ही आप्पांची घोंगडी. हरिबांनी विणली."

"सूत कुणी कातलं?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या मायनं."

"लोकर कुणी निवडली?"

"मायनंच."

"आणि तू म्हणालीस, आप्पांची घोंगडी."

वर्गात कुणी हसलं नाही. शिवकन्येचे डोळे भरून आले. मॅडमनी माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आपला विषय इथूनच सुरू होतो, मुलींनो. कुणी मुद्दाम पुसलेल्या नाही, नुसत्या विसरल्या गेलेल्या नावांपासून."

त्या दिवसापासून मी खाटेखाली गेले नाही. थंडी वाढली तशी करिष्माच मला मागू लागली. "वास येतो गं, पण ऊब काय आहे हिला!" असं म्हणत ती माझं एक टोक ओढून घ्यायची आणि दोघी मोठमोठ्याने वाचत बसायच्या. मी त्यांच्याबरोबर पुष्कळ ऐकलं. कायदे ऐकले, चळवळींचा इतिहास ऐकला, आकडेमोड ऐकली. सगळं कळलं असं नाही. पण बायकांशी बोलताना आधी ऐकून घ्यायचं, हे वनमाला मॅडमचं वाक्य मला चांगलं समजलं.

मग अभ्यासाचा भाग म्हणून मुली ऊसतोड कामगारांच्या अड्ड्यावर गेल्या. तिथे ताडपत्री आणि पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या होत्या. तोडलेला ऊस गाडीत भरून झाला की बायका हातपाय धुऊन चुली पेटवत. शिवकन्येने मला कोपीपुढे अंथरलं. खुर्चीवर कुणी बसलं नसतं. माझ्यावर मात्र बायका न सांगता बसल्या. सुरुवातीला त्या पोराबाळांचं बोलल्या, भाकरीचं बोलल्या. मग हळूहळू दुखण्याचं बोलल्या. त्यांच्यातल्या कितीतरी जणींचं गर्भाशय काढून टाकलेलं होतं. त्या गर्भाशयाला पिशवी म्हणत.

बायनाबाई नावाची एक बाई म्हणाली, "पोटात दुखायचं, म्हणून गेलते. डाक्टर म्हणला, पिशवी काढली न्हाई तर क्यान्सर व्हईल. भ्याले मी, काढली. तवापासून कंबर धरती, उभं राहवत न्हाई."

"दुसऱ्या कुणाला दाखवलं नव्हतं?" शिवकन्येने विचारलं.

"दाखवायचं असतं व्हय?" बायनाबाईने उलट तिलाच विचारलं.

शिवकन्येने तो प्रश्न तसाच वहीत उतरवला.

पुढच्या पावसाळ्यात घरून फोन आला. मंजुषाच्या ओटीपोटात दुखत होतं. गावाकडच्या एका खासगी डॉक्टरने पिशवी काढायला सांगितली होती, आणि ऊसतोड सुरू व्हायच्या आत ऑपरेशन उरकायचं, असं बजरंगने ठरवलंही होतं. शिवकन्येने मला डोक्यावर घेतलं आणि त्याच पावसात एस.टी. पकडली.

घरात पोचल्यावर तिने सगळ्यांसमोर विचारलं, "वैनीच्या कुठल्या तपासण्या केल्या?"

बजरंग चिडला. "पोटावर यंत्र फिरवलं ना! डाक्टर म्हणला, क्यान्सरची भीती हाय. तू काय डाक्टर हायस?"

"न्हाई, दादा. म्हणूनच म्हणते, दुसऱ्या डॉक्टरला इचारू. पिशवी एकदा काढली की परत बसवता येत न्हाई."

"पुस्तकं वाचून आलीया!" बजरंग म्हणाला. "उद्या हिला काही झालं, तर तुझं इद्यापीठ येणार हाय का?"

मंजुषा भिंतीला टेकून बसली होती. तिचं वय जेमतेम सत्तावीस. सगळे तिच्याबद्दल बोलत होते आणि तिला कुणीच काही विचारत नव्हतं. शिवकन्या भांडण सोडून तिच्याशेजारी जाऊन बसली. मी अजून तिच्या खांद्यावर ओलीच होते. "वैनी, तुमाला काय वाटतं?"

मंजुषाने माझी ओली कड मुठीत धरली. मग म्हणाली, "मला लई भ्या वाटतंय, ताई. ऑपरेशनचंबी आन् क्यान्सरचंबी. पण कुणी दुसऱ्यानं बघितलं, तर बरं वाटंल."

दारातून गहिनीनाथ हे ऐकत होते. ते आत आले आणि मुलाला म्हणाले, "बजरंग, मागं आपली मेंढी चरायची थांबली, तवा मी किती जणांला इचारलं?"

"दोघा-तिघांला."

"मेंढीसाठी तिघं, आन् सुनंसाठी एकच? ते काही न्हाई. सकाळी बीडला जायचं."

बीडच्या सरकारी दवाखान्यात मोठी रांग होती. शिवकन्येने व्हरांड्यात मला अंथरलं आणि मंजुषाला आडवं केलं. एक तपासणी, मग दुसरी. एका तपासणीचा निकाल यायला काही दिवस लागणार होते. त्या दिवसांत घरात कुणी नीट जेवलं नाही. बजरंग बहिणीशी बोलत नव्हता, पण रोज मंजुषाच्या आधी उठून पाणी भरून ठेवत होता. शिवकन्याही मनातून घाबरली होती. आपलं चुकलं तर? माझ्यात तोंड खुपसून ती रडली, ते फक्त मला ठाऊक आहे.

निकालाच्या दिवशी डॉक्टरबाईंनी मंजुषालाच खुर्चीवर बसवलं आणि तिच्याकडे बघून सांगितलं, "कॅन्सर नाही. पोटात जंतुसंसर्ग झालाय, म्हणून दुखतं. औषधं पूर्ण घ्यायची, परत लागण होऊ नये म्हणून नवऱ्यानेसुद्धा घ्यायची. ऑपरेशनची काही गरज नाही."

"म्हंजी पिशवी काढायची न्हाई?" मंजुषाने विचारलं.

"नाही."

"खरंच न्हाई?"

"खरंच नाही," डॉक्टरबाई हसल्या.

मित्रांनो, त्यानंतर जे झालं ते आठवलं की मला अजूनही हलकं वाटतं. मंजुषा बाहेर आली, माझ्यावर बसली आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली. किती दिवसांची झोप होती ती! बजरंग कुठेतरी गेला आणि डझनभर केळी घेऊन आला. त्याने आधी बहिणीपुढे केळं धरलं. "खा," तो म्हणाला. शिवकन्या केळं सोलत हसत होती आणि रडतही होती. गहिनीनाथांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि मोठा श्वास सोडला.

औषधांनी मंजुषाचं दुखणं गेलं.

शिवकन्या एम.ए. झाली. अर्जुनरावांनी विचारलेली नोकरीही मिळाली. केजच्या एका संस्थेच्या महिला समुपदेशन केंद्रात ती काम करते. तिच्या वर्गातल्या मुलीही रिकाम्या बसल्या नाहीत. करिष्मा मजूर बायकांच्या आरोग्यावर संशोधन करते आहे. एकजण परीक्षा देऊन संरक्षण अधिकारी झाली. घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांना ती कायद्याची मदत मिळवून देते. आणखी एक कॉलेजात शिकवते. सगळ्यांना लगेच काम मिळालं असं नाही. शिवकन्येलाही वर्षभर वाट बघावी लागली, आणि त्या वर्षात 'भिजत घोंगडं' म्हणून गावाने तिची चेष्टाही केली. मला तो वाक्प्रचार मुळीच आवडत नाही.

केंद्रात नव्या खुर्च्या आल्या तेव्हा मला कपाटात ठेवलं गेलं. कुणी उघडून बघितलं नाही. कसर लागली, माझी एक कड खाऊन गेली. मला वाटलं, संपलं आता आपलं. पण एक दिवस कडेवर लेकरू घेतलेली बाई आली आणि खुर्चीकडे बघत दारातच उभी राहिली. शिवकन्येने कपाट उघडलं, मला झटकून फरशीवर अंथरलं आणि आधी स्वतः खाली बसली. मग ती बाई बसली. लेकरू माझ्यावर रांगू लागलं आणि बाई बोलू लागली. बायडाबाईंनी नंतर येऊन माझी कड शिवून दिली.

परवा अर्जुनराव केंद्रात आले होते. शेजारी त्यांची नात धनश्री उभी होती. इकडे तिकडे बघत त्यांनी घसा साफ केला. "शिवकन्याताई, ते तुमच्या बाईच्या अभ्यासाचं... परवेश कवा सुरू व्हतेत? ही लई मागं लागलीया."

"बसा ना, काका," शिवकन्या म्हणाली. "पण धनश्रीलाच बोलू द्या."

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे, म्हणून तुमच्याकडे एक मागणं मागते. लोकरीच्या वस्तूला अधूनमधून ऊन दाखवा, तिची कड उसवली तर वेळेवर टाका घाला. आणि तुमच्या घरातली आई, काकी, वहिनी काम करता करता पोट धरून थांबली आणि "काही न्हाई, जरा दुखतंय" म्हणाली, तर तिच्या हातातलं भांडं खाली ठेवा. तिला बसवा. कुठे दुखतंय ते तिलाच विचारा, आणि तिचं सांगून होईपर्यंत तिथून उठू नका.